दाराचं दुखणं, कुलपाच्या माथी

माझे वडील सुतार. वाईत गंगापुरी आणि गणपती आळीतल्या जुन्या वाड्यांची दारं त्यांनी आयुष्यभर नीट केली. मी कुलपांकडे वळलो. तरी कुणी ‘कुलूप बिघडलंय, या’ म्हणून बोलावलं की मी आधी दार बघतो, आणि बहुतेक वेळा दुखणं तिथंच सापडतं. एके काळी कुलूप दारावर लटकायचं. पुढं ते दाराच्या पोटात गेलं आणि तेव्हापासून दाराची प्रत्येक खोड त्याला सोसावी लागते.

वाड्याच्या मोठ्या दरवाजाला बिजागऱ्या नसायच्या. दाराच्या एका कडेला खाली-वर खुंट काढलेले असत. खालचा उंबऱ्याजवळच्या दगडी खळग्यात बसे, वरचा चौकटीच्या लाकडात, आणि सगळं दार स्वतःच्या भारावर त्या खळग्यात फिरे. पिढ्यान् पिढ्या फिरून खुंट झिजत, दार बोटभर खाली बसे आणि फरशीला घासू लागे. बंदोबस्तात मात्र त्यानं काही उणं येत नसे, कारण आत अडसर होता. चौकोनी जाड वासा, भिंतीतल्या खोबणीत ढकलून ठेवलेला. रात्री तो ओढून समोरच्या भिंतीतल्या भोकात घातला की झालं. दार दोन बोटं इकडंतिकडं झालं तरी अडसराला त्याचा पत्ताही लागत नाही. मेणवलीचा नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा वाईहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वडील मला तिथं दारं दाखवायला नेत. फळीला हात लावून ते म्हणायचे, ‘ह्या कामात सैलपणा जाणून ठेवलाय. लाकूड पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, त्याला जागा ठेवायला नको?’

अडसर आतूनच घालता येतो, हे त्या व्यवस्थेतलं मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे घरात कुणीतरी असणार हे गृहीतच धरलेलं. भरल्या वाड्यात ते असायचंच. त्यामुळे कुलूप लागे ते आतल्या गोष्टींना: कोठीची खोली, दागिन्यांचा पेटारा, दप्तराची संदूक. त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला असे आणि तो कुणाच्या हाती गेला यावरून घरातली सत्ता कळे. ही कुलपं लोहाराच्या हातची. काहींच्या आत पोलादी पट्ट्या फाकलेल्या असत. किल्ली नुसती आत ढकलायची, पट्ट्या दाबल्या जात आणि दांडी मोकळी होई. काही पेचाची, त्यांत किल्ली घालून ती गोल फिरवत राहायची. माझ्याकडे अशी तीन-चार आहेत. घाण काढून साफ केली की आजही चालतात, कारण आत बिघडायला फारसं काही नाहीच.

बाहेरच्या दाराला बाहेरून कुलूप लावायची पाळी आली ती माणसं नोकरीसाठी पांगली, बिऱ्हाडं लहान झाली तेव्हा. दाराला कडी, चौकटीला कोयंडा, कोयंड्यात कुलूप. मुंबईच्या चाळींतल्या खोल्यांना हेच असे. कडी-कोयंड्यातही अडसरासारखाच सैलपणा आहे: दार थोडं खाली बसलं तर कडी थोडी ओढून घालायची. कुलपाशी दाराचा संबंधच येत नाही.

मुंबईत तेव्हा चांगलं कुलूप म्हणजे विलायती. अलीगढमध्ये हा धंदा रुजत होता, तरी मोठ्या पेढ्यांचा भरवसा इंग्लंडच्या मालावर. अशा वेळी अर्देशीर गोदरेज या पारशी वकिलानं कुलपं करायचं मनावर घेतलं. 1868 सालचा जन्म. झांजिबारला वकिलीला गेले, पण अशिलासाठी खोटं बोलायची वेळ आली तेव्हा वकिली सोडून परत आले. मग शस्त्रक्रियेची हत्यारं करून बघितली. मालावर ‘भारतात बनलेलं’ अशी मोहोर उमटवू द्यायला इंग्रज गिऱ्हाईक तयार होईना, तेव्हा तोही धंदा बंद केला. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून त्यांना कुलपं सुचली असं सांगतात. मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन मे 1897मध्ये लालबागला गॅस कंपनीशेजारच्या एका शेडमध्ये काम सुरू झालं. ते प्लेगचं साल. मुंबईतून लाखो लोक गावाकडे निघून गेले होते आणि घरामागून घर बंद पडलं होतं. त्या शहरात एक माणूस कुलपं घडवायला बसला, याचं मला आजही नवल वाटतं. 1921 साली याच अर्देशीरांनी टिळक स्वराज्य फंडाला 3 लाख रुपये दिले, हेही मी दुकानात येणाऱ्या पोरांना आवर्जून सांगतो.

त्यांनी हाती घेतलेली विद्या लिव्हरची. 1818 साली इंग्लंडच्या जेरेमाया चब यांनी तिचं कुलूप असं केलं होतं की चुकीची किल्ली फिरवली तर ते अडून बसे आणि कुणी हात लावल्याचं मालकाला समजे. 1851च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकनानं तेही उघडून दाखवलं, ही गोष्ट वेगळी. लिव्हर म्हणजे आतल्या पातळ पट्ट्या. प्रत्येकीला खाच, प्रत्येकीवर स्प्रिंग. किल्लीच्या दातांनी सगळ्या पट्ट्या नेमक्या उंचीवर उचलल्या की खाचा एका ओळीत येतात आणि कुलपाची जीभ सरकते. एक पट्टी केसभर वर किंवा खाली राहिली तर जीभ हलत नाही. आपल्याकडे घरोघरी पोचलेलं ‘नवताल’ याच जातीचं. पेचाच्या कुलपाला धूळ चालायची, याला चालत नाही. स्प्रिंग तुटली किंवा मळ धरून पट्टी चिकटली की किल्ली अर्ध्यात थांबते.

तरी ते लटकतं होतं. खरी उलथापालथ फ्लॅटनं केली. अमेरिकेत लायनस येल यांनी 1860च्या दशकात खिळ्यांच्या रांगेवर चालणाऱ्या चपट्या किल्लीच्या सिलिंडरची पेटंटं घेतली होती. आमच्याकडे तो सिलिंडर सर्रास आला तो सोसायट्यांच्या दारांत: आधी नाइट लॅच, मग दाराच्या जाडीत कोरून बसवायचं मॉर्टिस. एका कुटुंबाला एकच दार, आणि ते ओढलं की आपोआप बंद व्हावं ही अपेक्षा. आता जीभ बाहेर येऊन चौकटीवरच्या प्लेटच्या भोकात शिरते आणि त्या भोकाला दोन-तीन मिलिमीटरच मोकळीक असते. अडसराला दोन बोटांचा फरक चालायचा, इथं दोन मिलिमीटरही जड. दारं मात्र पूर्वीपेक्षा हलकी, चौकटी कच्च्या लाकडाच्या आणि बिजागऱ्यांचे स्क्रू आखूड.

म्हणून पहिली परीक्षा दार उघडं ठेवून करायची. उघड्या दारात किल्ली लोण्यासारखी फिरत असेल आणि बंद दारात अडत असेल, तर कुलूप निर्दोष आहे. नवं कुलूप आणायला पळू नका. जिभेच्या टोकाला खडू लावून दार ओढा, प्लेटवर खूण कुठं उमटते ते बघा. खूण खाली असेल तर दार बसलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून त्या जागी चौकटीत खोलवर जाणारे लांब स्क्रू घाला, पुष्कळदा दार तेवढ्यानं उचललं जातं. भोक मोठं झालं असेल तर लाकडाची काडी फेव्हिकॉल लावून ठोका, मग स्क्रू पिळा. एवढं करूनही भागलं नाही तरच प्लेटचं भोक कानशीनं किंचित वाढवा. आणि जुलैत अडणाऱ्या दाराला जुलैत रंधा मारू नका. कृष्णाकाठच्या गावात मी हे दरवर्षी बघतो: पावसात तासलेलं दार मार्चमध्ये आकसतं, फट पडते आणि जीभ नुसती टोकावर टेकते. कडा वाळू द्या, सील करा, मग ठरवा.

उघड्या दारातही किल्ली जड जात असेल तर दोष आतला. बहुतेक घरांत अशा वेळी खोबरेल ओततात. चार दिवस बरं वाटतं, मग तेल धुळीला धरतं आणि खिळे चिकटतात. सिलिंडरमध्ये ग्रॅफाइटची भुकटी घालावी. ती नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासून किल्ली पुन्हा पुन्हा आतबाहेर करावी. तेल आधीच घातलं असेल तर आधी रॉकेलनं धुऊन वाळवावं लागतं. लटकत्या लिव्हरच्या कुलपालाही हाच उपचार, वर लाकडावर हलकेच आपटायचं, म्हणजे चिकटलेली पट्टी सुटते.

सगळा सिलिंडरच किल्लीबरोबर डुगडुगत असेल तर दाराच्या कडेला, जीभ बाहेर येते त्या पट्टीवर, सिलिंडर धरून ठेवणारा एक स्क्रू असतो, तो आवळा. दुसरं काही उघडायची गरज नाही.

किल्ली आत मोडली तर उरलेला तुकडा आधी घालायच्या-काढायच्या स्थितीत आणायला हवा. तिरपा राहिला तर खिळे त्याला सोडत नाहीत. मग बारीक करवतीच्या पात्याचा तुकडा दातांकडून सरकवून ओढायचा. मोडलेल्या अर्ध्या भागानं ढकलत बसू नये, त्यानं तुकडा तळाशी जातो. आणि किल्ली मोडते का, तर बहुधा ती डुप्लिकेटची डुप्लिकेट असते. दर नकलेत दात थोडे चुकतात, मग माणूस जोर लावतो. कुलपाबरोबर आलेली एक मूळ किल्ली न वापरता कपाटात ठेवावी आणि नक्कल नेहमी तिच्यावरूनच काढावी.

गेल्या पावसाळ्याआधी आळीतल्या एका घरी नवं मॉर्टिस बसवायला बोलावलं. जुनं काढून बघितलं तर आत ठणठणीत. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसते भोकात उभे होते. लांब स्क्रू घातले, मधोमध तिसरी बिजागरी जोडली आणि जुनंच कुलूप परत बसवलं.