मुंबईची तबकडी, शिकागोचे नाव

‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा जन्म मुंबईत झाला, असे हल्ली सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये भैरव, ललत, यमन असे दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी फारशी खपली नाही. शिकागोच्या ‘फ्यूचर’ गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ आली १९८७ मध्ये. एकाने दुसऱ्याचे ऐकले, असे मानायला आधार नाही. समान होते ते यंत्र : रोलँडचे टीबी-३०३, खरे तर बास गिटारची जागा घ्यायला बनवलेले. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. शिकागोकरांनी बटणे पिळून त्यातून चीत्कार काढले. सिंग यांच्याकडे तीच घसरण रागाचे स्वर धरून चालते. इथे सोनईत हेडफोन लावून दोन्ही पाठोपाठ ऐकताना मला साम्यापेक्षा हा फरकच मोठा वाटतो.

जनकपदापेक्षा मोलाचे काम संग्राहकाचे. भारतात जुन्या रेकॉर्डी धुंडाळणाऱ्या एडो बाऊमन या डच गृहस्थांना ही तबकडी सापडली आणि २०१० मध्ये त्यांनी ती आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या लेबलवर पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेले सिंग मग युरोपात हेच राग वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.