लेथचं खोकं

मोठ्या काकांचं खामगावचं वर्कशॉप गेल्या वर्षी बंद झालं. लेथ चुलतभावाने नाशिकला न्यायचं ठरवलं. म्हैसूर किर्लोस्करचा, हरिहरला तयार झालेला, टनाच्या वर वजन. (ती कंपनी केव्हाच बंद पडली, तिचे लेथ मात्र अजून चालताहेत!) घरात लगेच दोन तट पडले. एक म्हणे भंगारात द्या, कटकट नको. कारण काही वर्षांपूर्वी काकांचं ड्रिलिंग मशीन ट्रकमध्ये नुसतं दोरीने बांधून पाठवलं होतं. वळणावर ते आडवं झालं आणि बिडाचा खांब तडकला. बीड वाकत नाही, फुटतं. आणि वेल्डिंगही धड धरत नाही. काका त्यावर कधी बोलले नाहीत, पण मशीन पुन्हा पाहायलाही गेले नाहीत.

यावेळी म्हाताऱ्या सुतार मिस्त्रींना बोलावलं. मी उत्साहाने फळ्या कशा, किती जाड वगैरे विचारू लागलो. ते म्हणाले, "भितीले काय पाह्यता भाऊ, बुडाचं पाहा आधी."

हे मला तेव्हा कळलं. खोक्याच्या भिंती वजन घेतच नाहीत. त्या फक्त पाऊस, धूळ आणि धक्के अडवतात. सगळा भार खालच्या दोन जाड तुळयांवर, म्हणजे स्किडवर. लेथच्या पायांना भोकं असतातच, त्यातून लांब बोल्ट थेट तुळईत. तुळयांची टोकं खालून तिरपी तासायची, म्हणजे पाइपचे तुकडे खाली सरकतात. मागचा पाइप सुटला की उचलून पुढे घालायचा, आणि पहारीने रेटत जायचं. लेथचं वजन हेडस्टॉककडे जास्त, म्हणून कॅरेज दुसऱ्या टोकाला सरकवून घट्ट करायची, नाहीतर उचलताना एक बाजू खाली जाते. बूड मशीनपेक्षा रुंद हवं. आणि खिळे लाकडाच्या कापलेल्या टोकात ठोकायचे नाहीत, तिथे ते धरत नाहीत. तुळया बाभळीच्या घेतल्या. बैलगाडीच्या चाकांना आपल्याकडे तेच लाकूड वापरत.

आणि मग मला गाव आठवलं. म्हणजे गावाचा इतिहास.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याआधी हा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे, कल्पना करा! १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची आगगाडी भुसावळवरून नागपूरला पोचली. खामगाव मुख्य रस्त्यापासून बाजूला राहिलं, म्हणून जलंबपासून ८ मैलांचा फाटा काढला. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः इथे आला होता. (दोनच वर्षांनी अंदमानात त्याचा खून झाला.) त्याच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझचा कालवा सुरू झाला होता. मुंबई आणि इंग्लंडमधला आफ्रिकेचा वळसा एकदम वाचला.

आपल्याला शाळेत शिकवतात ते कापूस गेला, एवढंच. पण गाठी बाहेर जायला आधी जिन आणि प्रेस आत यायला हवेत. एक गाठ साधारण ३९२ पौंडांची, ती दाबणारी यंत्रं किती जड असतील? विदर्भात कपाशीची सरकी काढणारी जिनं प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम असल्या कंपन्यांची येत. ओल्डहॅमपासून बंदर, बोट, मुंबईची गोदी, रेल्वेचा डबा, आणि शेवटी बैलगाडी. प्रत्येक ठिकाणी उतरवायचं आणि चढवायचं. समुद्राच्या खाऱ्या हवेत गुळगुळीत भागांना गंज चढू नये म्हणून सफेदा आणि चरबी यांचा लेप देत. आम्ही ग्रीस आणि तेलकट कागद वापरला, बाकी युक्ती तीच.

हे खोकं बांधणारा तिथला सुतार कोण होता, त्याचं नाव कुणाच्याच वहीत नाही. कारखानदाराचं नाव मात्र बिडात ओतलेलं. मला हे जरा अन्यायाचं वाटतं.

बाजूच्या फळ्या मात्र आम्ही भंगारातून घेतल्या, परदेशातून आलेल्या खोक्यांच्या. एकीवर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का होता. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाची ती खूण. लाकडातून किडे देशोदेशी जाऊ नयेत म्हणून ते आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं. खामगाव-नाशिकला त्याची काही गरज नाही, पण मिस्त्रींना ओंबी आवडली. त्यांनी ती फळी मुद्दाम दर्शनी बाजूला लावली.

ट्रक रात्री निघाला. काका निरोप द्यायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलतभावाचा फोन आला, पोचला, एक ओरखडा नाही. काकांना सांगितलं, तर त्यांनी पेपर खाली न घेताच विचारलं, "खोकं उघडलं का?"

"हो."

"तुळया जाळू नका म्हणावं. बाभूळ आहे."