सहभाग आणि संरक्षण : महाराणी येसूबाई व मराठा राज्याच्या सुरक्षाविषयक निर्णयांतील स्त्रीचे स्थान (१६८१-१७१९)

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव संमत केला. संघर्ष टाळणे, तो मिटवणे आणि शांतता प्रस्थापित करणे या प्रक्रियांत स्त्रियांचा सहभाग वाढवावा, तसेच संघर्षकाळात त्यांचे संरक्षण व्हावे, अशी दुहेरी अपेक्षा या ठरावात आहे. सहभाग आणि संरक्षण हे शब्द बहुधा जोडीने उच्चारले जातात. परंतु त्यांचा अर्थ एक नाही. सहभागात स्त्री निर्णय घेणारी असते, तर संरक्षणात ती इतरांच्या निर्णयाचा विषय असते. हा भेद स्पष्ट करणारे उदाहरण रायगड जिल्ह्याच्या इतिहासात आढळते. महाराणी येसूबाई यांच्या आयुष्यात या दोन्ही अवस्था क्रमाने आल्या. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

पाली परिसर आणि १६८१ चा प्रसंग

सुधागड तालुक्याचे ठिकाण असलेले पाली हे गाव बल्लाळेश्वराचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा परिसर मराठा-मोगल राजकारणाचे एक केंद्र बनला होता. औरंगजेबाविरुद्ध बंड करून दुर्गादास राठोडासह दक्षिणेत आलेला शहजादा अकबर १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. त्याच्या मुक्कामाची व्यवस्था सुधागडाच्या पायथ्याशी, पालीच्या परिसरात करण्यात आली. त्याच वर्षी संभाजी महाराजांविरुद्ध कट करणाऱ्या काही प्रधानांनी अकबराशी संधान बांधण्याचा प्रयत्न केला. अकबरानेच ही बातमी महाराजांना कळवली. परिणामी अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस, हिरोजी फर्जंद आदींना देहदंड झाला.

बाळाजी आवजींसारखा जुना सेवक गमावल्याबद्दल येसूबाईंनी महाराजांजवळ स्पष्ट नापसंती व्यक्त केली, असे मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत सांगितले आहे. बखरकार स्वतः बाळाजी आवजींचे वंशज होते व बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, हे लक्षात घेता हा संवाद शब्दशः स्वीकारता येणार नाही. तथापि बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांना पुढे राजसेवेत स्थान मिळाले, ही गोष्ट निर्विवाद आहे. राज्याच्या अंतर्गत सुरक्षेच्या प्रश्नात राणीने मत देणे बखरकाराला व त्याच्या वाचकांना अस्वाभाविक वाटले नाही, हेही नोंदवण्याजोगे आहे.

अशा सहभागाला पूर्वपरंपरा होती. शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्यास गेले, त्या वेळी राज्याची देखरेख जिजाबाईंकडे होती. येसूबाईंनाही 'श्री सखी राज्ञी जयति' अशी मुद्रा देण्यात आली होती. मात्र अष्टप्रधान मंडळात स्त्रीसाठी कोणतेही पद नव्हते. हा अधिकार पदाने नव्हे, तर नात्याने आलेला होता.

रायगडावरील निर्णय : १६८९

फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. येसूबाईंचे पुत्र शाहू त्या वेळी सात वर्षांचेही नव्हते. अशा प्रसंगी आपल्या पुत्राचा हक्क पुढे करणे येसूबाईंना शक्य होते. त्याऐवजी राजारामांना राज्यावर बसवून कारभार चालवण्यास त्यांनी मान्यता दिली. मार्चच्या अखेरीस झुल्फिकारखानाने रायगडास वेढा घातला. तेव्हा सर्व राजपरिवाराने एकाच किल्ल्यात अडकून पडू नये, राजारामांनी बाहेर पडून युद्ध चालू ठेवावे आणि आपण शाहूंसह गड लढवावा, असा निर्णय झाला. एप्रिलमध्ये राजाराम गडाबाहेर पडले आणि पुढे जिंजीस पोहोचले.

आजच्या परिभाषेत हा राष्ट्रीय सुरक्षेचा निर्णय होता. राज्य म्हणजे राजधानी नव्हे आणि राजधानी पडली तरी राज्यसंस्था टिकली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. येसूबाईंनी या निर्णयाची सर्वाधिक किंमत दिली. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या स्वाधीन झाला आणि येसूबाई व शाहू कैदेत गेले. पण त्या वेढ्यातील महिन्यांनी जिंजीला दुसरे केंद्र उभे राहण्यास अवधी दिला. जिंजी १६९८ पर्यंत झुंजली. राजारामांच्या निधनानंतर, १७०० पासून, ताराबाईंनी युद्धाचे नेतृत्व केले.

तहाचा विषय : १७०७ ते १७१९

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली. येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून मोगलांच्या ताब्यात ठेवण्यात आले. पुढे १७१८ मध्ये सय्यद हुसेन अलीशी शंकराजी मल्हार यांच्या मध्यस्थीने करार ठरला. स्वराज्याची मान्यता, दक्षिणेतील सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी, त्याबदल्यात मराठ्यांनी पंधरा हजार फौज ठेवणे आणि येसूबाई व राजपरिवाराची सुटका ही त्यातील प्रमुख कलमे होती. बादशहा फर्रुखसियरने हा करार नाकारला. १७१९ मध्ये तो पदच्युत झाल्यानंतर बाळाजी विश्वनाथांना दिल्लीत सनदा मिळाल्या आणि जवळजवळ तीस वर्षांनी येसूबाई स्वदेशी परतल्या.

येथे एक विरोधाभास दिसतो. ज्या स्त्रीने १६८९ मध्ये राज्याचे धोरण ठरवण्यात निर्णायक वाटा उचलला, ती १७१९ च्या तहात एक कलम झाली. वाटाघाटी करणारे सर्व पुरुष होते. येसूबाईंची योग्यता या काळात कमी झाली होती, असे म्हणण्यास आधार नाही. राजपत्नी व राजमाता या नात्यामुळे त्यांना अधिकार मिळाला होता. त्याच नात्यामुळे ओलीस म्हणून त्यांचे मूल्य वाढले. नात्यातून मिळणारा अधिकार परिस्थिती पालटताच परावलंबनात बदलू शकतो. ताराबाईंच्या बाबतीतही असेच घडले. सात वर्षे औरंगजेबाशी लढा चालवणाऱ्या ताराबाई १७१४ मध्ये कोल्हापुरात सत्तेवरून दूर केल्या गेल्या आणि १७३१ चा वारणेचा तह शाहू व कोल्हापूरचे संभाजी यांच्यात झाला.

समारोप

स्त्रियांना सुरक्षाविषयक प्रश्न कळतात काय, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासाने तीनशे वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. खरा प्रश्न त्यांच्या स्थानाच्या स्थैर्याचा आहे. संकटकाळी, कर्ता पुरुष नसताना मिळालेला अधिकार संकट ओसरताच परत घेतला जातो. फिलिपीन्समध्ये २०१४ साली मिंदानाओच्या बंडखोर संघटनेशी झालेल्या शांतता करारावर सरकारतर्फे मुख्य वाटाघाटीकार म्हणून मिरियम कोरोनेल-फेरर यांनी स्वाक्षरी केली. त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. कोणाच्या पत्नी वा माता म्हणून नव्हे, तर नियुक्त पदाच्या बळावर त्या वाटाघाटींना बसल्या होत्या. येसूबाईंना जे उपलब्ध नव्हते ते हेच.

म्हणून संरक्षणाच्या योजना कितीही उदार असल्या तरी त्या सहभागाची जागा घेऊ शकत नाहीत. येसूबाईंची सुटका हे १७१९ च्या तहाचे यश होते, यात शंका नाही. परंतु पाली-रायगडच्या भूमीत त्यांचे खरे ऐतिहासिक कार्य शोधायचे असेल, तर ते त्या तहाच्या कलमात नव्हे, १६८९ च्या निर्णयात शोधावे लागेल.