सपाट पाऊल आणि क्ष-किरणांची मोजणी

बंगळूरसारख्या शहरात मूल चालू लागले, की आईबापांचे लक्ष त्याच्या पावलांकडे जाते. ओल्या फरशीवरच्या ठशात तळव्याची कमान दिसली नाही, की घरात चिंता शिरते आणि क्ष-किरण छायाचित्राचा आग्रह सुरू होतो. हाड प्रत्यक्ष पाहावे, ही ओढ जुनीच आहे. १८९५ साली राँटगेनला हे किरण गवसले, आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांत पाश्चात्त्य देशांतील बुटांच्या दुकानांत मुलांची पावले क्ष-किरणांच्या पेटीत घालून पाहिली जाऊ लागली. बोटे बुटात कोठवर पोचतात एवढ्यासाठी कोवळ्या हाडांवर किरण सोडले जात, याचे आज नवल वाटते.

रुग्णालयातील छायाचित्र अर्थातच निराळे. मूल पूर्ण भार देऊन उभे राहते, छायाचित्र बाजूने घेतले जाते, आणि टाचेच्या हाडाची जमिनीपासूनची चढण मोजतात. तसेच घोट्याखालचे हाड व अंगठ्यामागचे लांब हाड यांच्या अक्षांमधील कोनही मोजतात. प्रौढांच्या हाडांच्या कडा स्पष्ट असतात. मुलांचे तसे नाही. कमानीच्या माथ्यावरील नौकाकृती हाड साधारणतः तिसऱ्या वर्षापर्यंत कूर्चेचेच असते, आणि कूर्चेची छाया उमटत नाही. शेजारच्या हाडांचाही आतला गाभाच तेवढा दिसतो. त्यावरून अक्षाची रेघ अंदाजाने ओढावी लागते. मुलाने भार दुसऱ्या पायावर टाकला, पाऊल किंचित वळवले, की कोन बदललाच. एकाच चित्रावर दोन तज्ज्ञांचे आकडे जुळतीलच असे नाही. आणि जुळले, तरी किती अंशांना रोग म्हणावे हा प्रश्न उरतोच. कॅनडाच्या सैनिकांची पावले तपासून हॅरिस आणि बीथ यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले होते, की लवचीक सपाट पाऊल हे बहुधा सशक्त पावलाचेच एक रूप असते. पाऊल ताठ असेल, दुखत असेल, तर मात्र छायाचित्राला पर्याय नाही.

कर्नाटकातील मुलांविषयीचे उत्तर मिळाले ते क्ष-किरणांतून नव्हे, तर पावलांच्या ठशांतून. बंगळूरहून पश्चिमेकडे घाट उतरला, की किनारपट्टीवर मणिपाल लागते. तेथील राव आणि जोसेफ या अस्थिशल्यविशारदांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलाचे प्रमाण ८.६ टक्के होते, अनवाणी मुलांत २.८ टक्के, बंद बुटांत ते सर्वाधिक, चपलांत कमी. शहरी आईबाप ज्या बुटांनी पाऊल सुधारू पाहत, त्यांच्यावरच संशय आला. तथापि ही एका वेळची पाहणी होती. तेवढ्यावरून बुटांना दोषी ठरवता येत नव्हते. म्हणून १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत १,८४६ प्रौढांना, पादत्राणे कोणत्या वयापासून वापरली, हे विचारले गेले. सहाव्या वर्षाआधी वापरू लागलेल्यांत प्रमाण ३.२४ टक्के भरले, आणि सोळाव्या वर्षापर्यंत अनवाणी हिंडलेल्यांत १.७५ टक्के.