फडाची मालकीण



चैत्र आला की गावोगावी जत्रेची वर्गणी सुरू होते. घरटी पैसे निघतात. त्यात आपल्या दुधाचे, भाजीचे, शेळीचेही पैसे असतात. मग गावचे पंच तमाशाची सुपारी द्यायला जातात. त्या बैठकीत आपण नसतो, आणि तमाशा बघायलाही आपल्यातल्या बहुतेक जणी जात नाहीत. त्यामुळे पंच ज्या फडाशी बोलणी करून येतात, त्याची मालक कित्येकदा बाईच असते, हे आपल्याला ठाऊक नसतं. तिच्या नाचगाण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. आज आम्ही तिच्या हिशोबाबद्दल सांगणार आहोत.

आधी थोडं मागे जाऊ. पूर्वी तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा, म्हणजे साडी नेसलेला पुरुष. संगमनेर भागातल्या हिवरगावची पवळाबाई ही तमाशात उभी राहिलेली पहिली बाई मानली जाते. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात ती गाजली. तिच्यानंतर बायका बोर्डावर आल्या. त्यातल्या बहुतेक जणी कोल्हाटी, मांग, महार अशा समाजांतल्या होत्या. गावानं त्यांच्या कलेवर शिट्या वाजवल्या, पण त्यांना मानानं घरात बसवलं नाही. पुढे यातल्याच काही जणी फडाच्या मालकीण झाल्या.

फड चालवणं म्हणजे काय, ते बघा. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, गाड्यांचे ड्रायव्हर. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो. आधी कनात लावून तिकिटावर खेळ होतात. चैत्र-वैशाखात जत्रांच्या सुपाऱ्या असतात, आणि वर्षाची खरी कमाई त्याच दिवसांत होते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन तारखा ठरवतात. ज्या तिथीला पुष्कळ गावांच्या जत्रा एकदम येतात, त्या तिथीचा भाव चढा असतो.

पावसाळ्यात मात्र फड बंद, आणि पोटं चालूच. तेव्हा कलावंत मालकाकडे उचल मागतात. ती दिली नाही तर माणूस दुसऱ्या फडात जातो. मालकाकडे तरी पैसा कुठला? तो सावकाराकडून येतो. तारण नसलेल्या धंद्याला बँक सहसा दारात उभी करत नाही. म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच डोक्यावर कर्ज असतं. मैत्रिणींनो, गटात येण्याआधी आपणही हेच करत होतो ना? पेरणीला उचल घ्यायची आणि सुगीत सगळं देऊन मोकळं व्हायचं.

आता दोघींची गोष्ट.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड होता. लहानपणीच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या नावावर फड चालवला. राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा दोनदा सन्मान झाला, १९५७ साली आणि १९९० साली. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मध्येच कळा आल्या, तंबूमागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर यायला निघाल्या, ही गोष्ट आजही सांगतात. ऐकणारे त्यांच्या हिमतीचं कौतुक करतात. आम्हाला मात्र वाटतं, ज्या बाईच्या अंगावर एवढ्या माणसांची भाकरी असते, तिला बाळंतपणाची सुट्टी कोण देणार? २००२ साली त्या गेल्या. शेवटच्या आजारपणात दवाखान्याचा खर्च भागवायला लोकांची मदत घ्यावी लागली. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला पुरस्कार देतं. त्यांच्या लेकीनं, मंगला बनसोडे यांनी, पुढे स्वतःचा फड नावारूपाला आणला.

दुसऱ्या कांताबाई सातारकर. तुकाराम खेडकर यांच्या फडात त्या नावाजल्या आणि त्यांच्याशीच संसार केला. शिवाजी महाराजांची भूमिकासुद्धा त्यांनी रंगवली. पण खेडकर वारले आणि ज्या फडासाठी इतकी वर्षं घाम गाळला, तो कांताबाईंना सोडावा लागला. पदरात लहान लेकरं होती. त्या दुसऱ्यांच्या फडांत राबल्या आणि पुन्हा शून्यातून स्वतःचा फड उभा केला. मुलगा रघुवीर खेडकर यांना सोबत घेऊन संगमनेरहून तो फड महाराष्ट्रभर फिरवला. विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार त्यांनाही मिळाला.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशात टाळेबंदी सुरू झाली. सुपारी ठरायच्या दिवसातच जत्रा बंद. पुढच्या वर्षीही तेच. उचल वाटून झालेली, व्याज चढत राहिलेलं आणि कमाई काही नाही. मे २०२१ मध्ये कोरोनानंच कांताबाई गेल्या.

या बायकांनी शंभर घरं चालवली. तारखा, तिकिटं, गाड्या, भांडणं, आजारपणं, सगळं निभावलं. शिकलेल्या माणसानं हेच काम शहरात केलं असतं, तर त्याला आपण मॅनेजर, साहेब म्हटलं असतं. यांना आपण ‘तमाशातली बाई’ म्हणून मोकळ्या झालो. त्यात आम्हीही होतो, हे कबूल करतो.

आता दोन कामं करू. पहिलं घरचं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, आपण ज्यात राबतो ते काय काय आपल्या नावावर आहे? शेत, घर, गोठा, दुकान. कांताबाईंवर आली तशी वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणून नवरा हयात असतानाच कागद बघून घ्यायचे. म्हातारपणासाठी महिन्याला थोडी का होईना, वेगळी शिल्लक टाकायची.

दुसरं गावचं. यंदा जत्रेला फड आला, तर मालकीणबाईंना आणि त्यांच्या मुलींना गटातर्फे हळदीकुंकवाला बोलवू. चहा देऊ, आणि धंदा कसा चालतो ते त्यांच्याकडूनच ऐकू. कर्ज अंगावर घेऊन माणसं सांभाळण्यातलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.