लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र : आपल्या कुंभोजची एक प्रेमकथा



फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की आपल्या गुजरीत काचेमागे बदामाच्या आकाराची पेंडंट दिसू लागतात. ७ तारखेपासून मुलींच्या मोबाईलवर रोझ डे, चॉकलेट डे सुरू होतात. १४ ला व्हॅलेंटाईन, मग १९ ला शिवजयंतीची सुट्टी. घरात त्यावरून दोन तट पडतात. आजी म्हणते, ही कसली थेरं. नात म्हणते, प्रेम व्यक्त केलं तर बिघडलं कुठं? मला दोघींचंही पटतं. म्हणून या आठवड्यात मी आमच्या महिला मंडळात एक गोष्ट सांगते, तीच आज इथे लिहिते. ती आपल्याच जिल्ह्यातल्या, आपल्याच समाजातल्या एका बाईची आहे. तिच्या नवऱ्याचं नाव महाराष्ट्रात लहान पोरालाही माहीत आहे. तिचं मात्र आपल्याच बायकांना पटकन आठवत नाही.

कुंभोजची सून आणि लेक

बाहुबलीच्या डोंगराला आपण दर्शनाला जातो, त्याच्या पायथ्याशी हातकणंगले तालुक्यातलं कुंभोज गाव. २२ सप्टेंबर १८८७ ला तिथे भाऊराव पायगोंडा पाटील जन्मले. तेच आपले कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्याही कुंभोजच्याच, पाटील घराण्यातल्या. खात्यापित्या घरची मुलगी, जुन्या वळणात वाढलेली. सोवळं, देवदर्शन, गाळलेलं पाणी, सूर्यास्तापूर्वीचं जेवण, हे सगळं आपल्या आज्यांच्या घरी होतं तसंच. लग्नात त्या काळच्या रीतीप्रमाणे अंगभर सोनं घेऊन त्या सासरी आल्या.

नवरा कसा होता? आजच्या भाषेत सांगायचं तर स्थिर नोकरी नसलेला, तोंडावर बोलणारा आणि कुणाचं ऐकून न घेणारा. कोल्हापुरात शिकायला असताना ते दसरा चौकाजवळच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. १९०८ च्या सुमारास शाहू महाराजांच्या आश्रयाने अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. भाऊराव तिथल्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आधी अंघोळ कर, मग पंगतीला बस. त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे, दक्षिण भारत जैन सभेचे मोठे नेते. त्यांनी भाऊरावांना बोर्डिंगबाहेर काढलं. पुढे शाहू महाराजांनी त्यांना वाड्यावर आसरा दिला.

इतिहास कसा फिरतो बघा. १९१४ मध्ये कोल्हापुरात इंग्लंडच्या राजाराणीच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचं प्रकरण झालं. लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढलं, त्याच्याविरुद्ध दोन शब्द बोलून त्यांना सुटता आलं असतं. ते बोलले नाहीत. तुरुंगात गेले, अतोनात छळ सोसला, जीव द्यायलाही निघाले होते. सत्य महाव्रत आपण रोज पाठात म्हणतो. ते पाळायची वेळ आली तर घरावर काय कोसळतं, हे लक्ष्मीबाईंनी संसाराच्या सुरुवातीलाच पाहिलं.

साताऱ्याचं बिऱ्हाड

नंतर भाऊरावांनी पोटासाठी बरंच काही केलं. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. धनजीशा कूपर यांच्याबरोबर साताऱ्याचा कारखाना उभारण्यात हात लावला. या फिरतीत त्यांनी खेडी पाहिली आणि शाळेविना वाढणारी मुलं पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत, सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहणार, एका पंगतीत जेवणार, हा तिथला पहिला नियम.

२५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते या बोर्डिंगचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. ही तारीख लक्षात ठेवा, शेवटी तिचा उपयोग आहे.

भाषणं, नामकरणं, ठराव यांच्या नोंदी राहतात. पिठाच्या डब्याची नोंद कुणी ठेवत नाही. बोर्डिंग म्हणजे सकाळ-संध्याकाळ भुकेली पोरं. आपल्या घरी चार पाहुणे जास्त आले तरी कणीक पुरेल ना म्हणून आपण दोनदा डबा उघडून बघतो. इथे रोजच पाहुणे, आणि कमावणारा माणूस वर्गणीसाठी गावोगाव फिरतोय. मुलं स्वतःही कामं करायची, स्वयंपाकाला हातभार लावायची, पण आजारी पोराच्या उशाशी बसायला आणि नव्याने आलेल्या रडणाऱ्याला जवळ घ्यायला आई लागते. त्या लक्ष्मीबाई होत्या. सोवळ्यात वाढलेल्या बाईने ज्यांची सावलीही लोक टाळत, अशा मुलांना पोटाशी धरलं. हे एका दिवसात झालं नसणार. आपल्या मनातली एखादी जुनी सवय सोडतानाही आपल्याला किती जड जातं!

दागिने

पैसे संपत. मग एक दागिना जाई. पुन्हा धान्य संपे, दुसरा जाई. माहेरचं सोनं असं एकेक करून बोर्डिंगच्या चुलीत गेलं. शेवटी उरलं मंगळसूत्र. रयतच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा प्रसंग असा आहे की भाऊराव बाहेरगावी होते, बोर्डिंगात दाणा नव्हता, मुलं उपाशी होती. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि मुलांच्या जेवणाची सोय केली.

माझ्या सासूबाई रयतच्या शाळेत शिकल्या. ही गोष्ट सांगताना त्या अजूनही नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावतात. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र काढणं म्हणजे काय, हे त्यांच्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. आजची मुलगी ऑफिसला जाताना मंगळसूत्र पर्समध्ये ठेवते आणि त्यात तिला काही वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी गळा मोकळा दिसला की चार बायका कुजबुजत. लक्ष्मीबाईंनी तो मोकळा गळा पत्करला.

तिच्या नावावर काय होतं?

इथे थोडं थांबूया. ही गोष्ट आपण ‘त्याग’ म्हणून ऐकतो, हात जोडतो आणि विसरतो. पण त्या सोन्याची किंमत फक्त बाजारभावाने मोजून चालणार नाही.

१९२० च्या दशकात आपल्या समाजातल्या बाईच्या हक्काचं काय होतं? जैनांनाही वारशासाठी साधारणपणे हिंदू कायदाच लागू होई. मुलीला वडिलांच्या वाडवडिलार्जित जमिनीत हिस्सा नव्हता. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क देणारा कायदा आला १९३७ मध्ये. बाईला मिळकतीची पूर्ण मालकी मिळाली १९५६ च्या वारसा कायद्याने. आपल्या महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला १९९४ मध्ये, आणि देशभर २००५ मध्ये. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या काळी बाईचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे स्त्रीधन, अंगावरचं सोनं. दुष्काळ, आजारपण, वैधव्य, भावाने दार लावणं, या सगळ्यांवर तिचा तो एकच विमा. लक्ष्मीबाईंनी तो विमा मोडला, आणि तोही दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

याच ठिकाणी मला कस्तुरबांची आठवण होते. त्यांची पुण्यतिथीही याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून निघताना गांधीजींना तिथल्या लोकांनी भेटी दिल्या. त्यात कस्तुरबांसाठी ५० गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींनी सगळं सार्वजनिक कामासाठी परत करायचं ठरवलं. कस्तुरबा सहजासहजी तयार झाल्या नाहीत. माझ्या हाराचा निर्णय तुम्ही कसा घेता, उद्या सुना येतील त्यांना काय देऊ, असं त्यांनी रडत, भांडत विचारलं. हे गांधीजींनीच आत्मकथेत मोकळेपणाने नोंदवलं आहे. शेवटी हार गेलाच. पण कस्तुरबांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. बाईचं सोनं दुसऱ्याने दान करणं आणि तिने स्वतः काढून देणं, यात फार मोठं अंतर आहे.

म्हणून लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगून कुणी तुमच्या लेकी-सुनेकडे दागिने मागायला लागलं, तर त्याला कस्तुरबांची गोष्टही सांगा. लक्ष्मीबाई मला मोठ्या वाटतात, कारण नवरा समोर नसताना, कुणी मागितलं नसताना, भुकेलेली मुलं पाहून त्यांनी स्वतः ठरवलं. नवऱ्याचं स्वप्न त्यांनी आपलं मानलं होतं. एकाच कामात दोघांनी बरोबरीने झोकून देणं, याला मी प्रेम म्हणते.

वात्सल्य म्हणजे काय

आपल्या धर्मात चार दानं सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. बोर्डिंगच्या त्या एका चुलीवर चारही दिसतात. जेवण हे आहारदान. आजारी मुलाची शुश्रूषा हे औषधदान. त्या जेवणाच्या बळावर पोरं शिकली, ते ज्ञानदान. आणि गावात ज्यांना विहिरीवर चढू देत नसत, त्यांना हे घर तुझंच आहे असं सांगणं, यापेक्षा मोठं अभयदान कुठलं?

सम्यक्‌दर्शनाची आठ अंगं आपण पाठशाळेत पाठ केली. त्यातलं एक निर्विचिकित्सा, म्हणजे कुणाच्या देहाची किळस न करणं. दुसरं वात्सल्य, म्हणजे गाय वासराला चाटते तसं निरपेक्ष प्रेम. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात तर सम्यक्‌दर्शन असलेल्या चांडाळालाही देवासमान मानलं आहे. ग्रंथ आपल्या कपाटात होताच. तरीही आपल्याच बोर्डिंगमध्ये एका मुलाला अंघोळीवरून बाहेर काढलं गेलं. वात्सल्य साधर्मींपुरतं, म्हणजे आपल्या माणसांपुरतं, असं म्हणून आपण सुटतो. लक्ष्मीबाईंनी ‘आपली माणसं’ या शब्दाचं कुंपण हलवलं, इतकंच.

त्यांनी जे पाहिलं नाही

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. त्यांनी पाहिलं ते फक्त ओढगस्तीचं बोर्डिंग. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. सातारच्या बोर्डिंगात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे आपल्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. यातलं काहीच लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांसमोर घडलं नाही.

पण नाव पुसलं गेलं नाही. रयत परिवार त्यांना ‘रयत माउली’ म्हणतो. सोलापुरातलं मुलींचं महाविद्यालय त्यांच्या नावाने चालतं. गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी कर्ज देणारी साताऱ्यातली पतसंस्थाही त्यांच्याच नावाची आहे. सोनं मोडून मुलांना जेवू घालणाऱ्या बाईच्या नावाची पतसंस्था! याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

या फेब्रुवारीत काय करूया?

मुलीला बदामाचं पेंडंट घ्यायचं असेल तर जरूर घ्या, हौस आहे. मात्र तिच्या नावावर बँकेत खातं आहे ना, घराच्या कागदावर तुमचं नाव आहे ना, हेही याच आठवड्यात बघून घ्या. आपल्या हातात काही असेल तरच देण्याला अर्थ येतो.

फाल्गुनातल्या अष्टाह्निकेच्या सुमारास बाहुबलीला जाणार असाल तर कुंभोजात दहा मिनिटं थांबा आणि मुलांना सांगा की हे गाव कर्मवीरांचं आहे, तसंच लक्ष्मीबाईंचंही आहे.

आणि २५ फेब्रुवारी. आमच्या मंडळातल्या काही जणींनी ठरवलं आहे की त्या दिवशी नव्या दागिन्याच्या भिशीतली एका महिन्याची रक्कम एखाद्या वसतिगृहातल्या मुलींच्या जेवणाला द्यायची. जातपात, धर्म विचारायचा नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या मंडळात असं काही जमलं तर बघा. रक्कम लहान असली तरी चालेल. एका पोरीचं महिन्याचं जेवण होतं.

जय जिनेंद्र.