माकड नव्हे, हत्ती

शू शेननं इ.स. 100 च्या सुमारास 'श्वोवन च्येत्स' हा चिनी अक्षरांचा कोश रचला. 9353 अक्षरं, 540 गट. त्यातली नोंद वाचायला मी हळूहळू शिकले. आधी अर्थ, मग अक्षराचे घटक; आणि 'शंग' हा शब्द आला की समजायचं, तो घटक उच्चार सांगतोय.

'वेइ' म्हणजे करणं. तिथं मात्र शू शेन म्हणतो, हे माकडाचं चित्र. मी तिथंच अडले. 1899 नंतर चीनच्या प्राचीन शांग राजवटीच्या काळातली, अक्षरं कोरलेली हाडं अभ्यासकांच्या हाती आली आणि खरं चित्र दिसलं: हत्तीला धरून नेणारा हात! त्या काळी शांग प्रदेशात हत्ती होतेच.

शू शेनला दोष देऊ नका. त्याच्यापुढे अक्षरांची हजारभर वर्षांनंतरची वळणं होती. ती हाडं जमिनीखालीच होती.